नॉर्वेमधील स्थलांतरितांकडून होणारा प्राथमिक आरोग्यसेवेचा वापर

नॉर्वेमधील स्थलांतरितांकडून होणारा प्राथमिक आरोग्यसेवेचा वापर हा सार्वजनिक आरोग्यशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. परदेशात जन्मून नॉर्वेत राहावयास आलेले लोक कौटुंबिक डॉक्टर, तातडीची वैद्यकीय सेवा आणि प्रतिबंधात्मक तपासण्या यांचा किती व कशासाठी वापर करतात आणि नॉर्वेत जन्मलेल्या रहिवाशांच्या वापरापेक्षा तो कोठे वेगळा ठरतो, याचा विचार या विषयात केला जातो. देशातील सर्व नोंदणीकृत रहिवाशांच्या आरोग्यभेटींची माहिती राष्ट्रीय नोंदवह्यांत साठवली जात असल्यामुळे नॉर्वे हा या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त देश मानला जातो.

स्थलांतरित लोक आरोग्यसेवेवर अधिक भार टाकतात, असा समज अनेक युरोपीय देशांच्या राजकीय चर्चेत आढळतो. नॉर्वेतील नोंदवह्यांवर आधारित संशोधन या समजाला सरसकट दुजोरा देत नाही. एकूण स्थलांतरितांमध्ये डॉक्टरांकडे कधीच न जाणाऱ्यांचे प्रमाण स्थानिकांपेक्षा अधिक आढळते. मात्र काही गटांत, जे लोक सेवा वापरतात त्यांच्या भेटींची संख्या अधिक असते. जन्मदेश, स्थलांतराचे कारण, वास्तव्याचा काळ, वय आणि सेवेचा प्रकार यांनुसार चित्र बदलत जाते.

## पार्श्वभूमी

नॉर्वेत मोठ्या प्रमाणावर स्थलांतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. १९५४ पासून नॉर्डिक देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात मुक्तपणे काम करता येऊ लागले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाकिस्तान, तुर्कस्तान आणि मोरोक्को येथून कामगार येऊ लागले. १९७५ मध्ये सरकारने कामगारांच्या स्थलांतरावर सर्वसाधारण बंदी घातली. त्यानंतर येणाऱ्यांत निर्वासित आणि आधीच स्थायिक झालेल्यांचे कुटुंबीय यांचे प्रमाण वाढले. चिली, व्हिएतनाम, श्रीलंका, इराण, बोस्निया, सोमालिया आणि इराक या देशांतून वेगवेगळ्या काळांत निर्वासित आले. २००४ मध्ये युरोपीय संघाचा पूर्वेकडे विस्तार झाल्यावर पोलंड आणि लिथुएनिया येथून कामगार मोठ्या संख्येने आले. २०२२ पासून युक्रेनमधील युद्धामुळे विस्थापित झालेल्यांची त्यांत भर पडली.

२०२४ च्या प्रारंभी नॉर्वेत ९ लाखांहून अधिक स्थलांतरित राहत होते. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. पोलंडमध्ये जन्मलेल्यांचा गट सर्वांत मोठा असून त्याची संख्या एक लाखाहून अधिक आहे. स्थलांतरित आई-वडिलांच्या पोटी नॉर्वेत जन्मलेल्यांची गणना देशाचे सांख्यिकी कार्यालय स्वतंत्रपणे करते. त्यांचा समावेश स्थलांतरितांत होत नाही.

## आरोग्यव्यवस्थेची रचना

नॉर्वेत प्राथमिक आरोग्यसेवा पुरविण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आहे, तर रुग्णालये राज्याच्या अखत्यारीत येतात. खर्चाचा मोठा भाग कर आणि १९६७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय विमा योजना यांतून भागविला जातो.

### कौटुंबिक डॉक्टर योजना

१ जून २००१ पासून देशात 'फास्टलेगे' म्हणजे ठरलेला कौटुंबिक डॉक्टर ही योजना लागू आहे. नगरपालिकेच्या हद्दीत नोंदणी झालेल्या प्रत्येक रहिवाशाला एका विशिष्ट डॉक्टरच्या यादीत नाव नोंदविण्याचा हक्क आहे. स्थलांतरितांना परवाना मिळून त्यांची लोकसंख्या नोंदवहीत नोंद झाली की हाच हक्क त्यांनाही मिळतो. आश्रयासाठी अर्ज केलेल्या व्यक्तींनाही तो लागू आहे. रुग्णालयातील तज्ज्ञाकडे जाण्यासाठी सामान्यतः कौटुंबिक डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्यामुळे या डॉक्टरपर्यंत पोहोचणे म्हणजे संपूर्ण आरोग्यव्यवस्थेच्या दारापर्यंत पोहोचणे होय.

प्रौढ रुग्णाला प्रत्येक भेटीसाठी ठराविक शुल्क द्यावे लागते. वर्षभरात या शुल्काची एकूण रक्कम ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेली की उर्वरित वर्षात पुढील भेटी विनाशुल्क होतात. १६ वर्षांखालील मुलांना हे शुल्क नाही. गरोदरपणातील तपासण्याही विनामूल्य असतात.

### तातडीची सेवा व आरोग्य केंद्रे

कौटुंबिक डॉक्टरचा दवाखाना बंद असताना किंवा त्वरित उपचार हवे असताना रुग्ण 'लेगेव्हाक्त' या नगरपालिकेच्या तातडीच्या सेवेकडे जातात. त्यासाठी ११६११७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. याखेरीज माता व बालकांसाठी नगरपालिकांची आरोग्य केंद्रे असून तेथे बालकांची वाढ तपासणे, लसीकरण आणि पालकांना मार्गदर्शन ही कामे विनामूल्य केली जातात.

## माहितीचे स्रोत आणि मोजमाप

नॉर्वेतील प्रत्येक नोंदणीकृत रहिवाशाला अकरा अंकी ओळख क्रमांक असतो. डॉक्टर प्रत्येक भेटीनंतर शासनाकडे मोबदल्याची मागणी नोंदवतात आणि तिच्यासोबत निदानाचा संकेतांकही देतात. ही नोंद लोकसंख्या नोंदवहीतील जन्मदेश, वय, आगमनाचे वर्ष आणि स्थलांतराचे कारण या माहितीशी जोडता येते. सर्वेक्षणात उत्तर न देणारे, भाषा न येणारे किंवा संशोधकांना न भेटणारे लोक वगळले जातात. नोंदवहीवर आधारित अभ्यासात ही अडचण बरीच कमी होते. बर्गेन विद्यापीठातील एस्पेरांझा डियाझ आणि अल्पसंख्याकांच्या आरोग्याविषयीच्या राष्ट्रीय केंद्रातील बर्नाडेट कुमार यांनी अशा नोंदींच्या आधारे केलेले अभ्यास या क्षेत्रात वारंवार उद्धृत केले जातात.

वापर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत वर्षभरात किमान एकदा डॉक्टरकडे गेलेल्यांचे प्रमाण पाहतात. दुसऱ्या पद्धतीत सेवा वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे सरासरी किती भेटी झाल्या हे पाहतात. दोन्हींतून वेगळे निष्कर्ष निघू शकतात. हे स्पष्ट करण्यासाठी पुढील कल्पित उदाहरण घेता येईल. १,००० स्थानिकांपैकी ८०० जण डॉक्टरकडे गेले आणि त्यांच्या एकूण ३,२०० भेटी झाल्या. १,००० स्थलांतरितांपैकी ६०० जण गेले आणि त्यांच्या ३,००० भेटी झाल्या. डॉक्टरकडे गेलेल्यांमागे सरासरी काढल्यास स्थानिकांच्या ४ आणि स्थलांतरितांच्या ५ भेटी होतात. संपूर्ण गटामागे सरासरी काढल्यास मात्र स्थानिकांच्या ३.२ आणि स्थलांतरितांच्या ३ भेटी येतात. 'स्थलांतरित अधिक वापर करतात' आणि 'स्थलांतरित कमी वापर करतात' ही दोन्ही विधाने एकाच माहितीतून काढता येतात. म्हणून कोणतीही तुलना वाचताना भागाकार कोणत्या संख्येने केला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

वयोरचना हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा आहे. स्थलांतरितांत तरुण व मध्यमवयीन लोकांचे प्रमाण अधिक असते, तर वृद्धांचे कमी. वृद्धांना डॉक्टरची गरज अधिक लागत असल्यामुळे वयाचा विचार न करता केलेली तुलना दिशाभूल करू शकते.

## वापराचे स्वरूप

### स्थलांतराचे कारण आणि वास्तव्याचा काळ

कामासाठी आलेल्यांत प्राथमिक आरोग्यसेवेचा वापर सर्वांत कमी आढळतो, तर निर्वासितांत तो तुलनेने अधिक असतो. कुटुंबासोबत राहण्यासाठी आलेले लोक बहुधा या दोहोंच्या मध्ये असतात. एकाच व्यक्तीला एकाहून अधिक दीर्घकालीन आजार असण्याच्या बाबतीतही असाच क्रम दिसून आला आहे. कामासाठी आलेल्यांत असे रुग्ण कमी आणि निर्वासितांत अधिक असतात. वास्तव्याचा काळ वाढत जातो तसे सर्वच गटांत हे प्रमाण वाढते. वास्तव्याबरोबर सेवेचा वापरही वाढून स्थानिकांच्या जवळ येऊ लागतो.

### वृद्ध स्थलांतरित

पन्नाशीपुढील स्थलांतरितांत डॉक्टरकडे जाणाऱ्यांचे प्रमाण त्याच वयाच्या स्थानिकांपेक्षा कमी आढळले आहे. मात्र पन्नास ते पासष्ट या वयोगटात, कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतून आलेले जे लोक डॉक्टरकडे जातात, त्यांच्या भेटी स्थानिक रुग्णांपेक्षा अधिक असतात. मोजमापाच्या दोन पद्धतींतील फरक येथे प्रत्यक्षात दिसतो.

### तातडीची सेवा

२००८ मधील नोंदींवर आधारित आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार, स्थलांतरितांचा तातडीच्या प्राथमिक सेवेचा वापर एकंदरीत स्थानिकांपेक्षा कमी होता. जर्मनी आणि पोलंड येथून आलेल्यांचे प्रमाण विशेष कमी होते, तर सोमालिया आणि इराक येथून आलेल्यांचे स्थानिकांपेक्षा अधिक होते. पोलंडमधून आलेल्यांच्या भेटींत दुखापतींचा वाटा मोठा होता. बांधकाम आणि अन्य शारीरिक कष्टाच्या व्यवसायांत त्यांची संख्या मोठी आहे. 'स्थलांतरित' या एकाच शब्दाखाली येणाऱ्या गटांतील परस्परांमधला फरक हा स्थलांतरित आणि स्थानिक यांच्यातील फरकाहून मोठा असू शकतो, हे या अभ्यासातून दिसून आले.

### मानसिक आरोग्य

मानसिक तक्रारींसाठी कौटुंबिक डॉक्टरकडे जाण्याचे प्रमाण अनेक स्थलांतरित गटांत, विशेषतः कामासाठी आलेल्यांत, कमी आढळते. युद्ध व छळ अनुभवलेल्या निर्वासितांत मानसिक त्रासाचे प्रमाण अधिक असते. मात्र तो डोकेदुखी, अंगदुखी, थकवा अशा शारीरिक तक्रारींच्या रूपात डॉक्टरपुढे येऊ शकतो. अशा वेळी नोंदवहीत शारीरिक तक्रारीचा संकेतांक पडतो आणि मूळ त्रास आकडेवारीत दिसत नाही.

### प्रतिबंधात्मक तपासण्या

नॉर्वेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९५ पासून सुरू आहे. २५ ते ६९ या वयोगटातील स्त्रियांना त्यासाठी पत्र पाठविले जाते आणि नमुना बहुतांशी कौटुंबिक डॉक्टर घेतात. स्तनांच्या कर्करोगाची तपासणी ५० ते ६९ या वयोगटासाठी आहे. दोन्ही कार्यक्रमांत स्थलांतरित स्त्रियांचा सहभाग स्थानिक स्त्रियांपेक्षा कमी असून सोमालियात जन्मलेल्या स्त्रियांत तो विशेष कमी आढळतो. आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जाणे आणि कोणताही त्रास नसताना तपासणीस जाणे या दोन वेगळ्या सवयी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. याउलट माता व बालकांच्या आरोग्य केंद्रांचा वापर देशात जवळजवळ सार्वत्रिक आहे. तेथे कुटुंबाशी संपर्क साधण्यासाठी केंद्र स्वतः पुढाकार घेते.

## फरकाची कारणे

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार आरोग्यसेवेचा वापर तीन प्रकारच्या घटकांवर ठरतो: व्यक्तीची पूर्वस्थिती (वय, शिक्षण, समजुती), सेवा मिळविण्याची साधने (उत्पन्न, विमा, अंतर) आणि प्रत्यक्ष गरज. नॉर्वेतील फरकांची मांडणीही याच चौकटीत करता येते.

* निरोगी स्थलांतरित परिणाम: दूरदेशी जाऊन काम करण्याचा निर्णय बहुधा तरुण व सुदृढ माणसे घेतात. त्यामुळे आगमनानंतरच्या पहिल्या वर्षांत त्यांचे आरोग्य स्थानिकांपेक्षा चांगले असते. राहणीमान, काम आणि आहार यांच्या परिणामामुळे हा लाभ काळानुसार कमी होत जातो. सक्तीने देश सोडावा लागलेल्या निर्वासितांना हे स्पष्टीकरण तितकेसे लागू होत नाही.
* व्यवस्थेची अपरिचितता: अनेक देशांत रुग्ण थेट तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात जातो. नॉर्वेत आधी कौटुंबिक डॉक्टरची वेळ घ्यावी लागते. ही पद्धत माहीत नसलेला रुग्ण तातडीच्या सेवेकडे वळण्याची शक्यता अधिक असते. डॉक्टरने औषध न देता थांबून पाहण्याचा सल्ला दिल्यास काही रुग्णांना ते दुर्लक्ष वाटते.
* भाषा: दूरध्वनीवर वेळ घेणे, तक्रार सांगणे आणि औषधांच्या सूचना समजणे या प्रत्येक टप्प्यावर भाषेची अडचण येते. दुभाषी नसल्यास एकाच तक्रारीसाठी पुन्हा पुन्हा यावे लागते. अशा वाढीव भेटी गरजेपेक्षा अपुऱ्या संवादाच्या द्योतक असू शकतात.
* कामाचे स्वरूप: तात्पुरत्या करारावर काम करणाऱ्यांना दवाखान्याच्या वेळेत कामावरून निघणे अवघड जाते. काही जण सुटीत मायदेशी जाऊन उपचार घेतात. त्यांची नोंद नॉर्वेत होत नाही.
* आजारांतील फरक: दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत टाइप २ मधुमेह कमी वयात आणि तुलनेने कमी वजन असतानाही होतो. ओस्लोमधील पाहण्यांत पाकिस्तान व श्रीलंका येथून आलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, मधुमेहाचे प्रमाण पाश्चात्त्य पार्श्वभूमीच्या रहिवाशांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. अशा गटांत डॉक्टरकडे अधिक वेळा जाणे ही वाजवी गरज ठरते.

## नोंदणीबाहेरील स्थलांतरित

वास्तव्याचा परवाना नसलेल्या प्रौढांना कौटुंबिक डॉक्टरच्या यादीत नाव नोंदविता येत नाही. २०११ च्या नियमांनुसार त्यांना तातडीचे आणि पुढे ढकलता न येणारे उपचार मिळण्याचा हक्क आहे. मुले आणि गरोदर स्त्रियांचे हक्क याहून अधिक आहेत. नियमित उपचारांसाठी अशा व्यक्ती स्वयंसेवी दवाखान्यांवर अवलंबून असतात. चर्च सिटी मिशन आणि रेडक्रॉस यांनी २००९ मध्ये ओस्लो येथे असा दवाखाना सुरू केला. तेथे डॉक्टर व परिचारिका विनामोबदला काम करतात. या व्यक्तींना ओळख क्रमांक नसल्याने राष्ट्रीय नोंदवह्यांवर आधारित अभ्यासांत त्यांचा समावेश होत नाही. साहजिकच ज्यांच्या वाटेत सर्वाधिक अडथळे आहेत, तेच आकडेवारीबाहेर राहतात.

## कोविड-१९ महासाथ

२०२० मध्ये सुरू झालेल्या कोविड-१९ महासाथीत नॉर्वेतील काही स्थलांतरित गटांमध्ये संसर्ग आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण स्थानिकांपेक्षा अधिक होते. सुरुवातीच्या काळात सोमालियात जन्मलेल्यांवर याचा मोठा परिणाम झाला. दाट वस्ती, मोठी कुटुंबे आणि घरून करता न येणारी कामे ही कारणे पुढे आली. लसीकरणातही जन्मदेशानुसार फरक दिसला. पूर्व युरोपातील काही देशांत जन्मलेल्यांत लस घेण्याचे प्रमाण कमी राहिले. सूचना अनेक भाषांत प्रसिद्ध करणे आणि समाजातील विश्वासू व्यक्तींमार्फत त्या पोहोचविणे यांवर पुढे भर देण्यात आला.

## धोरणे व उपाययोजना

नॉर्वेच्या रुग्णहक्क कायद्यानुसार रुग्णाला त्याचे वय, अनुभव, संस्कृती आणि भाषा लक्षात घेऊन समजेल अशी माहिती देणे बंधनकारक आहे. सार्वजनिक संस्थांनी दुभाष्यांचा वापर करण्याविषयीचा स्वतंत्र कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास मनाई असून त्याला मर्यादित अपवाद आहेत. आईच्या आजाराचे वर्णन तिच्या शाळकरी मुलाने डॉक्टरला सांगावे, ही पूर्वी सर्रास आढळणारी पद्धत या तरतुदीनुसार बेकायदेशीर आहे.

अल्पसंख्याकांच्या आरोग्याविषयीचे राष्ट्रीय केंद्र २००३ मध्ये स्थापन झाले आणि २०१८ मध्ये ते राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेत विलीन करण्यात आले. बर्गेन येथे कौटुंबिक डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन स्थलांतरित स्त्रियांचा गर्भाशयमुख तपासणीतील सहभाग वाढविण्याचा प्रयोग करण्यात आला.

कौटुंबिक डॉक्टरांची टंचाई ही अलीकडील काळातील मोठी अडचण आहे. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक रहिवाशांना ठरलेला डॉक्टर मिळालेला नव्हता. ही टंचाई सर्वांनाच जाणवते. पण नव्याने आलेल्यांना जुनी नोंदणी नसल्यामुळे आणि पर्याय शोधण्याइतकी व्यवस्थेची ओळख नसल्यामुळे ती अधिक जाचक ठरते.

## इतर देशांशी तुलना

स्पेन येथील आरागॉन प्रांतातील नोंदींवर आधारित अभ्यासांतही स्थलांतरितांचा प्राथमिक सेवेचा आणि औषधांचा वापर स्थानिकांपेक्षा कमी आढळला. २०१२ मध्ये तेथील सरकारने एका आदेशाद्वारे परवाना नसलेल्या प्रौढांचा सर्वसाधारण आरोग्यसेवेचा हक्क काढून घेतला. २०१८ मध्ये तो पुन्हा देण्यात आला.

स्वीडन मध्ये २०१३ च्या कायद्याने परवाना नसलेल्या मुलांना इतर मुलांप्रमाणेच संपूर्ण आरोग्यसेवा आणि प्रौढांना पुढे ढकलता न येणारे उपचार देण्याची तरतूद झाली.

डेन्मार्क मध्ये जुलै २०१८ पासून, देशात तीन वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या व्यक्तीला वैद्यकीय दुभाष्यासाठी शुल्क द्यावे लागते. भाषा शिकण्यास प्रोत्साहन मिळावे, ही त्यामागील भूमिका होती. वृद्ध व आजारी लोक त्यामुळे दुभाष्याविना उपचार घेतील, असा आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांनी घेतला.

युनायटेड किंग्डम मध्ये २०१५ पासून बहुतेक दीर्घकालीन प्रवेशपरवान्यांसोबत आरोग्य अधिभार घेतला जातो. तो प्रारंभी वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी तो १,०३५ पौंड झाला. तथापि इंग्लंडमध्ये कौटुंबिक डॉक्टरचा सल्ला परवान्याचा विचार न करता सर्वांना विनामूल्य आहे.

कॅनडा येथे निरोगी स्थलांतरित परिणामाचा विस्तृत अभ्यास झाला असून नव्याने आलेल्यांचे आरोग्य वास्तव्यकाळाबरोबर स्थानिकांच्या पातळीकडे सरकत जाते, असे आढळले आहे.

## निष्कर्षांचा अन्वयार्थ

सेवेचा कमी वापर दोन परस्परविरोधी कारणांनी होऊ शकतो: गरज कमी असल्यामुळे किंवा गरज असूनही सेवेपर्यंत पोहोचता न आल्यामुळे. अधिक वापरामागेही अधिक आजार, अपुरा संवाद किंवा आधी न मिळालेले उपचार अशी वेगवेगळी कारणे असू शकतात. केवळ भेटींची संख्या मोजून यांतील कोणते कारण खरे, हे सांगता येत नाही. त्यासाठी आजारांचे प्रमाण, उपचारांचा परिणाम आणि रुग्णांच्या मुलाखती यांची जोड द्यावी लागते.

ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'व्यस्त सेवा नियम' मांडला. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्याचे सार आहे. हक्क कागदावर समान असूनही नॉर्वेतील नव्या, कमी उत्पन्नाच्या आणि भाषा न येणाऱ्या रहिवाशांच्या बाबतीत हा नियम कितपत लागू पडतो, हा या विषयातील संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

नोंदवह्यांचीही मर्यादा आहे. देश सोडून गेलेल्या काही व्यक्तींची नावे नोंदवहीत तशीच राहतात. त्या कधीच डॉक्टरकडे न गेल्याचे दिसते आणि त्यामुळे त्या गटाचा वापर प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो. येऊन-जाऊन काम करणाऱ्या युरोपीय कामगारांच्या बाबतीत ही त्रुटी विशेष संभवते. म्हणून 'स्थलांतरितांचा वापर' अशी एकच सरासरी देण्याऐवजी जन्मदेश, आगमनाचे कारण आणि वास्तव्याचा काळ यांनुसार आकडे वेगळे देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे.